बाराव्या उत्तराला लागलेला वेळ

सर : बाई, तक्त्यात एक रकाना तुमच्या हातून रिकामा राहिलाय. शेवटचा. बाकी सगळं कसं मोत्यासारखं भरलंय.

बाई : हातून राहिला नाही. ठेवलाय.

सर : बरं, ठेवलात. आता भरा आणि खाली सही ठोका. मुख्याध्यापक दोनदा विचारून गेले. पाऊण तासात बक्षीस समारंभ, पाहुण्यांचा चहा सुरू झालाय आणि मी तुमच्या प्रयोगशाळेत परीक्षानळ्या मोजत उभा.

बाई : बसा. ते स्टूल नको, त्याचा एक पाय आखूड आहे. दुसरं घ्या.

सर : बसायला वेळ कुणाला आहे? अहो, चौदा वर्षं ही स्पर्धा आपण भरवतोय. खुर्च्या आपण मांडायच्या, बझरच्या वायरी आपण जोडायच्या आणि ढाल दुसऱ्या शाळेनं उचलून न्यायची. आज पहिल्यांदा ती इथे राहणार. आणि कुणामुळे? जिला शाळेच्या एकाही कार्यक्रमात कुणी दोन ओळी वाचायला दिल्या नाहीत, तिच्यामुळे. अडखळत बोलणारी पोर, आणि इंग्रजी व्याकरणाच्या तोंडी स्पर्धेत सात शाळांना पाणी पाजलं तिनं. मघापासून एका जागी दोन मिनिटं टिकलेलो नाही मी.

बाई : म्हणूनच म्हणते, बसा.

सर : बसलो. बोला.

बाई : नियम पुन्हा एकदा सांगा मला.

सर : मला विचारताय? मीच टाईप केलाय तो. पडद्यावर चुकीचं वाक्य दिसतं. ज्याला चूक कळली त्यानं बझर दाबायचा. बझर वाजल्यापासून सात सेकंदांत दुरुस्त केलेलं वाक्य पूर्ण म्हणायचं. वेळ संपली की गुण समोरच्याला.

बाई : अंतिम फेरीत तिनं बारा वेळा बझर दाबला. अकरा उत्तरं सातच्या आत. त्यातलं सगळ्यात लांबलेलं सहा पूर्णांक आठ.

सर : आणि बारावं?

बाई : नऊ पूर्णांक एक.

सर : नाही हो.

बाई : घड्याळावरचा आकडा अजून पुसलेला नाही. बघा.

सर : पण तुम्ही हात वर केला नाहीत. सात झाले की वेळ बघणाऱ्यानं हात वर करायचा. सबंध सभागृह तुमच्या हाताकडे बघत होतं.

बाई : नाही केला.

सर : का पण?

बाई : दोन शब्द उरले होते. तिच्या ओठांवर येऊन थांबले होते, मला दिसत होते. हात मांडीवर होता, तो उचललाच गेला नाही. तिनं वाक्य पूर्ण केलं तेव्हा मी बटण दाबलं. तेवढं मात्र बरोबर वेळेवर दाबलं.

सर : हं. आणखी कुणाला माहीत आहे हे?

बाई : आता तुम्हाला.

सर : अंतिम फेरीत तिच्यासमोर होता त्या चष्मेवाल्या मुलाचे सर काही बोलले नाहीत. मी मुद्दाम त्यांच्याजवळ जाऊन उभा राहिलो होतो. म्हणाले, अकरा-अकरा बरोबरी होती, शेवटच्या प्रश्नाला आमच्या मुलाचा हात बझरवर पोचायला जरा उशीर झाला, दुसरं काय. उलट तुमचं कौतुक करत होते. बाहेरून बोलावलेला परीक्षक आला नाही तेव्हा तुमचं नाव त्यांनीच सुचवलं होतं ना. काय म्हणाले होते ते?

बाई : भौतिकशास्त्राच्या बाईंच्या हातात घड्याळ असलं की भांडणच नको.

सर : तेच. मग भांडण नाहीच आहे तर आपण कशाला उकरून काढायचं? बाई, मी इंग्रजीचा मास्तर आहे, मला तुमचे दशांश कळत नाहीत. मला एवढं कळतं की ही व्याकरणाची स्पर्धा आहे, जिभेची शर्यत नाही. चूक तिला कुठल्या कुठे सापडली होती. बझर तिनंच आधी दाबला. उत्तर अचूक. मग ते दोन सेकंद कसली परीक्षा घेत होते? व्याकरणाची तर नाही.

बाई : हे मी तुम्हाला दोन महिन्यांपूर्वी म्हटलं होतं.

सर : काय?

बाई : की वेळ बझर दाबेपर्यंतच मोजू या. बोलायला लागेल तो लागू दे. तुम्ही म्हणालात, आठ शाळांनी मान्य केलेला नियम एकीसाठी कसा बदलायचा.

सर : म्हणालो होतो.

बाई : मग आज एकीसाठी कसा बदलायचा? तोही कुणाला न सांगता?

सर : तुम्ही शब्दात पकडू नका हो माणसाला. मी तिच्या वडिलांना फोन करून बसलोय. शिवणकाम करतात ते. आधी त्यांना वाटलं, पोरीनं काही भानगड केली म्हणून शाळेतून फोन आला. पहिली आली म्हटल्यावर त्यांनी मला तेच वाक्य दोनदा म्हणायला लावलं. मग म्हणाले, गिऱ्हाईक समोर उभं आहे, त्याला उद्या ये सांगतो आणि दुकान बंद करून येतो. ते पोचले असतील एव्हाना. गळ्यात टेप तसाच असेल. त्यांना काय सांगू? आणि पुढच्या, जिल्ह्याच्या फेरीला फक्त पहिल्या नंबरालाच जाता येतं. दुसऱ्याला प्रमाणपत्र आणि हात हलवत घरी.

बाई : माहीत आहे मला.

सर : तर मग लिहा सहा पूर्णांक नऊ. हवं तर पाप माझ्या माथी.

बाई : सर, तुम्हाला वाटतंय हे फक्त मला आणि तुम्हाला माहीत आहे. मला भीती आहे, तिलाही माहीत आहे.

सर : तिच्या हातात घड्याळ नव्हतं.

बाई : तिला लागत नाही. तो दोरा बघा, खिडकीच्या चौकटीला बांधलाय तो.

सर : लंबक ना? तुमच्या प्रयोगाचा.

बाई : एक मीटर लांब दोरा. गोळा या टोकाहून त्या टोकाला जातो, एक सेकंद. परत येतो, दुसरा सेकंद. गेले दोन महिने रोज मधल्या सुट्टीत ती इथे यायची. माणसाच्या तोंडाकडे बघितलं की तिचा शब्द अडतो. म्हणून मी म्हटलं, माझ्याकडे बघू नकोस, गोळ्याकडे बघ आणि बोल. पहिल्या आठवड्यात एका वाक्याला वीस-वीस झोके लागायचे. मग चौदा. मग नऊ. ज्या दिवशी पहिल्यांदा सात झाले त्या दिवशी तिनं स्वतःच गोळा हातात धरून थांबवला. नंतर नंतर मी लंबक हलवतही नव्हते. ती मनात मोजायची आणि मी घड्याळात बघायचे. फरक पडायचा नाही.

सर : मला कधी बोलला नाहीत.

बाई : तिनं सांगितलं होतं, कुणाला सांगू नका. तर सर, तिला मोजायला मीच शिकवलं. आणि आज ऐनवेळी, ती मोजणार नाही असं मीच धरून चालले. एखाद्या पोरानं प्रयोगवहीत असं लिहिलं असतं तर मी वही फेकून दिली असती.

सर : एवढ्या टाळ्या वाजत होत्या. कदाचित नसेलही मोजलं तिनं. कुणीतरी दार वाजवतंय.

बाई : ये आत. उघडंच आहे.

(मुलगी आत येते. पुढचं तिचं बोलणं इथे सलग लिहिलं आहे. ते तसं आलं नाही. मध्ये कुणी तिला शब्द पुरवले नाहीत.)

मुलगी : बाई, तक्ता दिलात का?

बाई : अजून नाही.

सर : ये, ये. अगं, तू तिकडे हवीस, लोक तुला शोधत असतील. वडील आले का?

मुलगी : आले. पुढे बसलेत. बाई, ते शेवटचं किती भरलंत?

सर : भरतायत ना त्या. तू काळजी नको करू.

मुलगी : मी नऊ मोजले.

सर : हे बघ पोरी, स्टेजवर, दिव्यांच्या उजेडात, छातीत धडधडत असताना माणूस मोजतो ते जलदच मोजतो. तू नऊ मोजलेस म्हणजे खरे सातच झाले असतील. बरोबर आहे ना बाई? शास्त्रीय आहे की नाही?

बाई : असं होऊ शकतं.

मुलगी : मग घड्याळात किती आहेत?

सर : बाई...

बाई : नऊ पूर्णांक एक.

मुलगी : म्हणजे मी बरोबर मोजले.

बाई : अगदी बरोबर मोजलेस.

मुलगी : सातला मी तुमच्या हाताकडे बघितलं. मला वाटलं आता वर जाईल. मी थांबणारच होते. आठ झाले तरी खालीच. मग मला कळेना थांबू की बोलू. म्हणून बोलले. का नाही केलात वर?

बाई : तू जिंकावीस असं मला वाटलं.

मुलगी : अकरा तर जिंकलेच होते मी.

सर : अगं, पण निकाल बाराव्यावर होता.

मुलगी : सर, एक बोलू? तुम्ही रागावणार नाही ना?

सर : आज तू माझी टोपी उडवलीस तरी रागावणार नाही.

मुलगी : तुम्ही वर्गात सगळ्यांना वाचायला उभं करता. माझा नंबर आला की पुढच्या बाकावर जाता. तीन वर्षं. मला कळतं तुम्ही ते का करता. मला वाईट नाही वाटत.

सर : मला वाटायचं, पोरं हसतील. तुला उगाच...

मुलगी : हो. पण बाई तसं करत नव्हत्या. त्या इथे म्हणायच्या, अकरा झाले, पुन्हा म्हण. दहा झाले, पुन्हा म्हण. मी एकदा रडले तेव्हाही म्हणाल्या, आधी डोळे पूस, मग पुन्हा म्हण. म्हणून त्यांनी सात म्हटलं की मला सात खरे वाटायचे. आता हे नऊ तुम्ही सात लिहिलेत, तर ते अकरा पण मला खरे वाटणार नाहीत. मला वाटेल तेही तुम्ही असेच दिलेत.

बाई : ते अकरा मी दिलेले नाहीत. सेकंदाचा दहावा भागसुद्धा नाही.

मुलगी : माहीत आहे. मी मोजले ना. पण उद्या कुणी विचारलं तर?

सर : पुढची फेरी जाईल तुझ्या हातून. कळतंय ना? तो चष्मेवाला जाईल.

मुलगी : कळतंय. त्यानं चांगली दिली उत्तरं. मला दोन-तीन येत नव्हती, ती त्यानं झटकन सांगितली.

सर : तुझ्या जागी मी असतो तर गप्प बसलो असतो बघ. या वयात नव्हे, तुझ्या वयात.

मुलगी : मी तर नेहमीच गप्प बसते, सर.

बाई : इकडे ये. हा रकाना. बघ मी काय लिहिते ते. नऊ, टिंब, एक. आणि शेऱ्यात लिहितेय, वेळ संपल्याची खूण वेळ पाहणाऱ्याने केली नाही. चूक माझी. ही सही.

मुलगी : चूक असं नका लिहू.

बाई : चूक झाली की चूकच लिहायची. बाळा, मी दोन सेकंद तुझ्यावर विश्वास ठेवला नाही. मला वाटलं, पहिल्या नंबराशिवाय तू इथून मोडून जाशील.

मुलगी : मला थोडं रडू येतंय. पण ते नंबराचं आहे. जाईल.

बाई : येऊ दे.

सर : हा घे, माझा रुमाल. स्वच्छ आहे. आज सकाळी बायकोनं मुद्दाम इस्त्री करून दिला, म्हणाली, आज फोटो निघतील. तुला आता एक सांगतो. सोमवारी पहिला तास माझा. धडा सातवा. पहिल्या बाकापासून वाचन सुरू करणार आणि तुझा नंबर आला की पुढे सरकणार नाही. चालेल?

मुलगी : पहिला परिच्छेद फार लांब आहे.

सर : मग अर्धा.

मुलगी : नको. पूर्णच द्या.

सर : बरं. आता मला आधी मुख्याध्यापकांना गाठलं पाहिजे. त्यांनी भाषणात तुझं नाव तीन ठिकाणी घातलंय, सगळं खोडायला सांगावं लागेल. मग त्या दुसऱ्या शाळेच्या सरांना. ते म्हणतील, अहो राहू द्या, आता कशाला. माणूस तसा दिलदार आहे. पण राहू द्यायचं नाही आपल्याला.

बाई : त्यांना मी सांगते. घड्याळावर भरवसा त्यांनी माझ्या नावानं ठेवला होता. सभागृहातही मीच सांगेन. हात माझा होता.

मुलगी : बाई, तुमच्या हाताचं तुम्ही सांगा. माझ्या नऊ सेकंदांचं मी सांगते.

सर : कुठे? माईकवर?

मुलगी : हो. बाबांना आधी खाली जाऊन सांगते. मग वर येते.

सर : अगं, मी सांगतो की तुझ्या वतीनं. दोन वाक्यांचं तर काम. समोर चारशे माणसं बसलीयेत, पोरी.

मुलगी : मघाशीही होती, सर.