खोटं गिऱ्हाईक

बाबा : म्हणजे सापडलंच नाही म्हण की.

लेक : सापडलं होतं, बाबा. मंगळवारी. पाच वर्षांत पहिल्यांदाच. आम्ही शोधतोय तेच : अणूतून दोन इलेक्ट्रॉन सुटले आणि सोबत न्यूट्रिनो एकही नाही.

बाबा : मग आवाज असा का?

लेक : आज प्रयोगाच्या प्रमुखांनी सांगितलं, ती नोंद त्यांनीच घुसडली होती. आम्ही डोळे उघडे ठेवून बघतोय का, हे तपासायला.

बाबा : त्यात काय एवढं? आम्हीही माप तपासायला दुकानात खोटं गिऱ्हाईक पाठवायचो. ते अर्धा किलो साखर घेऊन यायचं, मी कोपऱ्यावर तोलायचो.

लेक : मी मात्र दुकानदारासारखी फसले. तिघांना मिठ्या मारल्या हो.

बाबा : तुझा हा न्यूट्रिनो भरतो तरी किती?

लेक : तेच तर कळत नाही. इलेक्ट्रॉनच्या दहा लाखाव्या भागाहून हलका.

बाबा : जन्मभर वजनमापं तपासली, असलं वजन नाही ऐकलं. त्यावाचून कुणाचं अडलंय?

लेक : सगळ्यांचंच. विश्वाच्या सुरुवातीला पदार्थ आणि प्रतिपदार्थ सारखेच असणार. समोरासमोर आले की दोघंही खलास, मागे नुसता उजेड. तरी अब्जात एखादा कण उरला, आणि त्यातून तुम्ही, मी, हा फोन. तो का उरला, हे कदाचित न्यूट्रिनोच्या हलकेपणात दडलंय. तो स्वतःच स्वतःचा प्रतिकण निघाला, तर. आणि तसा असला, तरच ते दोन इलेक्ट्रॉन न्यूट्रिनोवाचून सुटतात.

बाबा : कुणीतरी तागडी किंचित दाबली म्हणायची.

लेक : करंगळीनं.

बाबा : मग थांबतेस अजून तिथे?

लेक : आणखी तीन वर्षांच्या कराराचं पत्र आलंय. उद्या सही करायची. तुमच्याकडे माणसांचा राबता असतो, म्हणून धीर होतो. आत्ताही कोण बसलंय? मघापासून हसणं ऐकू येतंय.

बाबा : तुमच्या प्रमुखांनी कितव्या दिवशी खरं सांगितलं?

लेक : चौथ्या.

बाबा : मला दोन वर्षं लागली. तुझी आई गेल्यापासून, तुझा फोन आला की मी रेडिओ लावतो.

(खटका दाबल्याचा आवाज. हसणं थांबतं.)

बाबा : आता काय ऐकू येतं?

लेक : पंखा.

बाबा : तेवढा खरा. सही कर, नको करूस, तुझं तू ठरव. पण माप खरं घेऊन ठरव.

लेक : इतक्यात ठेवू नका, बाबा. ऐकू दे थोडा वेळ.