न बघता सही नाही

(पवनचक्कीखाली, विजेच्या खांबापाशी.)

साहेब : ...म्हणजे वीज कंपनीच्या तारेला जोडणी याही वेळी नामंजूर, बाई.

शिंपीणबाई : कारण सांगा. आधी नकाशा नव्हता, तो दिला. मग नकाशावर शिक्का नव्हता, तोही आणला. सत्तर घरांनी मिळून ही पवनचक्की उभी केली, आणि आठ महिने ती ब्रेक लावून उभी आहे. मी शिलाईचं दुकान बंद ठेवून तुमच्या कचेरीत खेटे घालतेय.

साहेब : या वेळी कारण कागदाचं नाही, जिवाचं आहे. वायरमनकाका, सांगा यांना तुमच्या जोडीदाराचं.

वायरमन : ते आता कशाला, साहेब.

साहेब : सांगा.

वायरमन : लाइन बंद होती. मीच केली होती. तो खांबावर चढला, आणि खाली एका कारखान्यात कुणीतरी जनरेटर लावला. ती वीज उलटी आमच्या तारेत आली. चौदा वर्षं झाली.

शिंपीणबाई : ठाऊक आहे, दादा. त्यांच्या लेकीचे गणवेश मीच शिवायचे. म्हणून तर आम्ही सगळ्यात आधी ही पेटी घेतली. कंपनीची वीज गेली की पवनचक्की आपोआप तारेपासून तुटते.

साहेब : असं तुम्ही म्हणता.

शिंपीणबाई : मग करून बघा. आम्ही कुठे नाही म्हणतोय?

साहेब : काका, लिहा. उलट्या विजेचा धोका, जोडणी नामंजूर. तुमच्या सहीवर कुणी शंका घेणार नाही.

वायरमन : न बघताच लिहू?

साहेब : वरून सांगणं आहे. निवृत्तीला पाच महिने उरलेत तुमच्या. उगाच कशाला?

वायरमन : बाई, ब्रेक काढा.

साहेब : काका, चाचणीचा आदेश नाही.

वायरमन : चाचणीपुरतं जोडायचा अधिकार वायरमनला आहे. नियमांचं पुस्तक तुम्हीच वाटलंत, मी वाचलं. आणि साहेब, माझ्या माणसाचं मरण पुढे करून नाही म्हणायचं असेल, तर निदान तपासून म्हणा.

(वायरमन खांबावर चढतो. पाती फिरू लागतात.)

वायरमन : जोडलं. खाली काय दिसतंय?

शिंपीणबाई : मीटर चालू झाला. आपली वीज जातेय, दादा.

वायरमन : आता कंपनीची बाजू बंद करतो.

शिंपीणबाई : पेटीतला खटका पडला. मी हातसुद्धा लावला नाही.

वायरमन : टेस्टर विझलेला आहे. पुन्हा करू.

साहेब : झालं ना एकदा.

वायरमन : त्यालाही एकदाच लागलं होतं.

शिंपीणबाई : पडला. दुसऱ्यांदाही पडला.

वायरमन : अजून एकदा.

शिंपीणबाई : पडला, दादा. तिन्ही वेळा.

वायरमन : तारेला अर्थिंग लावलंय. आता हातमोजा काढतो.

शिंपीणबाई : नको. टेस्टरनं दिसलं ना.

वायरमन : उद्या इथे कुणाचं तरी पोर चढेल, बाई. त्याला मी काय सांगू, टेस्टर म्हणाला?

शिंपीणबाई : दादा?

वायरमन : थंड आहे. तार थंडगार आहे.

साहेब : खाली या. तुमचा अहवाल मी पुढे पाठवणार नाही.

वायरमन : नका पाठवू. एक प्रत बाईंना देतो, एक मी स्वतः टपालात टाकतो. तीन वेळा तपासलं, धोका नाही, जोडणीस हरकत नाही. खाली माझी सही.

साहेब : बदली होईल तुमची.

वायरमन : पाच महिन्यांसाठी कुठेही पाठवा. खांब सगळीकडे असतात.

साहेब : आणि वरची जोडणी? ती काढलीत ना?

वायरमन : अर्थिंग काढलं, लाइन चालू केली. जोडणी तशीच आहे. तुम्हाला काढायची असेल तर हे घ्या माझे हातमोजे, साहेब.