फाटकाशी थांबलेली उष्टी हळद

(सांगणाऱ्या चांगुणाबाई, धवलारीण, सिद्धगडाच्या पायथ्याचं गाव, तालुका मुरबाड)

माजा जल्म किन्हवलीकडचा, गावाचं नाव लिवू नका, लोकं लगेच वळखतात आन मंग माज्या भावाला विचारत बसतात का तुजी बहीन काय काय बोलली, आन तो मोबाइल जरा उलटा ठेवा बघू, रेकॉर्ड चालू हाय का बंद हाय मला काय समजतंय, तुमी बंद बोलता म्हनून बंद धरायचं. हातानं लिवताय ना, मंग लिवा. आमी शेतकरी मान्सं, भात आन थोडी नाचनी, बाप सादा होता, आई मात्र नावाची, आई धवलारीण. तुमच्याकडं लगीन भट लावतो, आमच्यात भट मागनं आला, आधीपासनं धवलारीण. ती धवले, म्हंजे लग्नाची गानी, गाते तवा मांडव उभा राहतो, ती देवांना नाव घेऊन बोलावते, डोंगरावरचे, शिवेवरचे, घरातले गेलेले, सगळे, मंग हळद कुटायची, मंग लावायची, तिच्या गान्याबिगर हळदीला कोन बोट लावत नाय. मी आईच्या मागं बसून बसून शिकले, कुनी शिकवलं नाय, मीच झेलत गेले.

मला देली ती हितं सिद्धगडाखाली, मुरबाड तालुक्यात. पहिली गोष्ट काय केली असंल तर सासरच्या विहिरीचं पानी वास घेऊन प्याले, सासू बोलली ही कोन पोलिसाची पोर आनलीत. माजा स्वभावच तसा, काय सांगू तुम्हाला, दुधानं तोंड पोळलेलं मान्स ताक फुंकून पितं, मी तर तोंड न पोळताच फुंकते. म्हातारा, म्हंजे माजा नवरा, बोलतो का चांगुने, तू देवाला बोलावतेस तवा पन बघतेस का खरंच आला का नाय. आता त्याला काय म्हायत, बघायला नको?

तर तो कोरोना आला तवाचं सांगते, त्याच्याबिगर पुढचं समजनार नाय. तवा लग्नं चोरून लागत होती, चार मान्सांत, एका लग्नातनं आले आन मला ताप आला. ताप काय, उन्हाचा असंल नायतर जागरनाचा, तपासलाच नाय तर मी कशाचा सांगू. पन गावात उठलं का धवलारीण घरोघर फिरते, तिनंच आनला. तोवर गावाच्या वाटेवर काट्याच्या फांद्या टाकल्या होत्या बाहेरची मान्सं अडवायला, आता माज्या दाराशी पन टाकल्या. दुकानवाला साखरेची पुडी बांधावर ठेवून मागं सरायचा आन मी दिलेली नोट पान्यात बुडवायचा, ओल्या नोटेला काय रोग चिकटत नाय का? आन त्याच गावातली तीच मान्सं मंग निवडनुकीच्या मटनाला एकाच पातेल्यात हात घालून बसली, तवा कुनाला काय झालं नाय. मी तवाच बोलले, रोग खरा असंल, पन त्याच्या आडून मान्सं आपापला हिशेब चुकता करतात. साप म्हनून भुई धोपटायची आन भुईत नेमकी आपल्याला नको ती मान्सं असतात.

कारन रोग गेला तरी मला बोलावनं परत आलं नाय ना. आधी बोलायचे गर्दी नको, मंग बोलायचे तुमचा खोकला आयकून पावन्यांना भीती वाटते. अगो, खोकला चुलीचा हाय, हळदी लावल्या तुमच्या आयांना, तवा पन मी खोकतच होते. मंग बघते तर त्याच घरात डीजे आलेला, आन शहरातला भट. म्हंजे नको होती धवलारीण, रोगाचं निमित्त झालं. पडत्या फळाची आज्ञा.

तर आता हे मागच्या वैशाखातलं. माजा भाऊ महादू, त्याची पोर प्रणाली, तिचं लगीन ठरलं. पोर शिकलेली, कल्यानला लॅबमध्ये हाय, लोकांचं रक्त तपासते. माज्या हातावरची पोर ती. तिच्या आईच्या, रंजनाच्या, हळदीला पन मीच गायले होते, रंजना म्हंजे माजी भावजय, मला वन्सं बोलायची. तिला छातीत गाठ निघाली, मुंबईला नेऊन औषध चढवायचे, केस गेले, हात काडीसारखा झाला. मी बघायला गेले तर पोरीनं मला ओटीवरच बसवली, साबनानं हात धू बोलली, मास्क बांध बोलली, आन आईला आतल्या दारात खुर्ची टाकून बसवली. नणंद-भावजय आमी, असं लांबनं बोललो, जसं काय बाजारात भाव करतो. मनात पाल चुकचुकली. मी म्हातार्‍याला घरी येऊन सांगितलं, पोर आपल्याला तोडते.

मंग फोन आला. आत्या, हळदीचं तुला सांगायचंय. मी बोलले सांग. बोलते, उष्टी हळद आनायची नाय. मी बोलले, काय नाय? उष्टी हळद म्हंजे काय ते सांगते, नवर्‍याला लावून उरलेली हळद, त्याच्या अंगाला लागलेल्या हातांची, ती वाटीत घालून नवरीकडं येते, ती लागली का पोर त्याची झाली, आन आमच्या घरात ती हळद पोरीला आधी आईनं लावायची, मंग बाकीच्यांनी. ही बोलते, त्यांच्याकडं शंभर मान्सं त्या वाटीत हात घालनार, कोन शिंकतंय कोन खोकतंय, ती वाटी आमच्या घरात नको, आमी दोन्हीकडं नवी हळद पाकिटातली आननार. आन आई कुनालाच हळद लावनार नाय. मी बोलले, अगो कोरोना कधीच गेला. ती बोलते, गेला नाय आत्या, लोकांना येतो आन दोन दिवस ताप देऊन जातो, आईला नाय सोसनार, तिच्या रक्तात आता ताकदच नाय. आन मंग हळूच बोलते, आत्या, तू पन खोकतेस, तू धवले मोबाइलमध्ये गाऊन दे, आमी स्पीकरवर लावू.

आता सांगा. माज्या भावाच्या घरी, माज्या आईचा गळा जिथं गायला तिथं, मला मोबाइलमध्ये भरनार. धवल्यात नावं असतात बाबा, नवरीचं, नवर्‍याचं, दारात उभं कोन हाय त्याचं, मान्स बघून गायचं असतं, आन देव बोलावले का ते येतात, हितं माज्या स्वैपाकघरात बिगर लग्नाचे बोलावून त्यांना बसवू कुठं? मी बोलले, मोबाइलमध्ये नाय गानार. एकदा गळा त्याच्यात गेला का मंग मी मेले काय जगले काय, तुमचं भागलं.  ती बोलली, बरं, ये, पन मांडवाच्या बाहेर बसशील ना? मी फोन ठेवला. म्हातारा बोलला जाऊ नको. मी बोलले, जानार. मला बघायचंय का ही सोवळं फक्त मलाच लावते का सगळ्यांना.

हळदीच्या दिवशी सरळगाववरनं गाडी पकडली आन महादूकडं गेले. बसले आंब्याखाली, मास्क बांधून, आन डोळे उघडे ठेवून सगळं बघितलं. काय बघितलं सांगू? फोटोवाला घरात शिरत होता, पोरीच्या मैत्रिनी गळ्यात पडत होत्या, मांडवात मान्सावर मान्स, मास्क कुनाच्या हनवटीला, कुनाच्या खिशात. दुखनं म्हशीला आन इंजेक्शन पखालीला. मी मनात बोलले, धरली का नाय चोरी, म्हातारी तेवढी आंब्याखाली.

तेवढ्यात नवर्‍याकडची मान्सं आली, सापगावकडची, आन पुढं नवर्‍याची आई, तिच्या हातात वाटी, पदराखाली झाकलेली. उष्टी हळदच. तिला सांगितलं होतं तरी आनली, आता आई हाय ती, ती कशी राहील. महादू फाटकाशी आडवा गेला, वहिनी, आमी बोललो होतो. ती बाई बोलली, आमच्या पोराच्या अंगाला काय लागलंय का रोग, का आमी तुमाला घान वाटतो? तिकडचा मामा चिडला, बोलला वाटी परत जानार असंल तर आमी पन परत जातो.  लगीन हातातनं जायची येळ आली. प्रणाली पाटावर बसलेली, तोंड पांढरं पडलं पोरीचं, पन बोलली नाय का घ्या म्हनून.

मी उठले. मास्क काढला आन फाटकाशी गेले, मी बोलले द्या ती वाटी, मी धवलारीण हाय, मी लावते, बघू कोन अडवतंय. वाटीला हात लावनार, तेवढ्यात मागनं खिडकीचा गज वाजला. मी बघितलं तर आतल्या खोलीच्या खिडकीत रंजना. डोक्याला रुमाल, तोंडाला मास्क, हातात चमचा, तो गजावर वाजवते. मला खिडकी तवाच दिसली, सकाळपासनं ती तिथंच होती, सगळा मांडव बघत. तिच्या पोरीच्या हळदीत ती पन बाहेरच, माज्यासारखी. मी जवळ गेले तर हात वर केला, तिथंच थांबा वन्सं.

बोलली, वन्सं, नको. हे पोरीचं नाय, हे माजं हाय. मी सांगितलं तिला हे सगळं करायला, ती नाय बोलत होती, बोलत होती आई तुज्या हातानं हळद लागू दे, काय होईल ते होईल, मीच नको बोलले. मला अक्षता पडताना बघायच्यात वन्सं. डॉक्टर बोलला का आत्ता साधा ताप आला तरी उचलून न्यावी लागंल. उद्याचा दिवस मला उभं राहू द्या, मंग माजं काय व्हायचं ते होवो. पोरीला कुनाला सांगू नको बोलले होते, लोकं बोलतात आई भित्री हाय म्हनून. नावं ठेवायची तर तिला ठेवू द्या, मला नकोत.

 मी जिला तोडनारी समजत होते ती पोर आईसाठी सगळ्या गावाचं बोलनं खात होती. मला लाज वाटली आन राग पन आला, राग कुनावर ते आजून कळत नाय.

मी फाटकाशी परत गेले, नवर्‍याच्या आईला लांब बाजूला घेतलं, खिडकी दाखवली. बाई शानी. बघत राहिली, मंग पदरानं डोळे पुसले, वाटी खाली फाटकाच्या खांबाशी ठेवली आन बोलली, राहू दे हितंच, पोर तर आमचीच हाय. मामाला बोलली, तू गप बस. मी मास्क परत बांधला, मांडवाच्या कडेला उभी राहिले आन गायले. पाकिटातली हळद होती, पन धवले माजे. नावं घेतली सगळ्यांची, वाटीचं पन घेतलं, म्हटलं देवा, फाटकाशी ठेवलीय, तिथनं मानून घे.

बायका हळद लावत होत्या आन खिडकीतनं रंजना सांगत होती. कानामागं राहिली. टाचेला लावा, टाच कोरडी हाय. अगो, मानेवर जरा जास्त, तिला तिथं तीळ हाय. हात लावायचा नव्हता ना तिला, मंग तोंडानं लावत होती. पोर एकदा पन खिडकीकडं बघत नव्हती, मान खाली घालून बसली होती, आन हळद गालावरनं ओघळत होती, मला वाटलं घाम हाय.

दुसर्‍या दिवशी अक्षता पडल्या. रंजना मांडवाच्या टोकाला, खुर्चीत, एकटी, आजूबाजूला कुनी नाय, पन उभी राहिली हं, मंगलाष्टकं चालू होती तोवर उभी होती. तिथनंच तिनं मूठ उधळली, ती काय पोरीपर्यंत पोचली नाय.

भात कापनीच्या टाइमाला रंजना गेली. ताप नाय, सर्दी नाय, कोरोना नाय, ती गाठच. मंग लोकांना तोंड फुटलं, बघा, येवढं सोवळं पाळलं, काय उपेग झाला, अति तिथं माती, आईनं पोरीला शेवटची हळद पन लावली नाय. मी पन तेच बोलले असते, मी तर पहिली बोलले असते. पन मी ती खिडकी बघितली होती.

तेराव्याला प्रणाली माज्याजवळ येऊन बसली, मागच्या पडवीत, मास्क नव्हता तिच्या तोंडाला, आता कुनासाठी बांधनार. बोलली, आत्या, खरं सांग, माजं अति झालं का? तिचा हात एकदा तरी लागू द्यायला हवा होता ना? मला तिच्या हाताची हळदच नाय. काय सांगू तुम्हाला, मी जल्मभर कुनाचं बोलनं खरं धरलं नाय, देवाचं नाय का नवर्‍याचं नाय, पन त्या पोरीला मी बोलले, नाय गो बाय, अति नाय झालं, तिला अक्षता बघायच्या होत्या, त्या तू दाखवल्यास. पोर माज्या गळ्यात पडली, मी पन धरली, लय येळ धरली. खरं बोलले का खोटं, माजं मलाच समजत नाय. कधी वाटतं बरोबर होतं, कधी भाकरी थापताना मधीच वाटतं का एक बोट, एकच बोट लागलं असतं तर काय आभाळ पडलं असतं? आन मंग वाटतं, पडलं असतं तर?

मला आजून बोलावनी कमीच येतात. कोन खोकला आयकून नाय बोलतो, कोन डीजे आनतो, मी आता विचारत नाय का खरं कारन काय. संशय गेला असं नाय, पन समोरच्याच्या घरात आतल्या खिडकीत कोन उभं हाय ते आपल्याला दिसत नाय, येवढं समजलं.

प्रणालीला आता दिवस गेलेत. फोन करते, बोलते आत्या, तू येशील ना बाळ बघायला, हात धुवून ये हं. मी बोलते येते, धुवून येते. लिवा येवढं आन पुरे करा, मला नाचनी पाखडायचीय. देव तिला पोर देवो, आन त्या पोरीचं लगीन होईल तवा तिच्या हळदीला आईचा हात लागो.