बुधाजी तांडेल आणि पत्त्यांचा डबा

मंडळी, आधी एक सांगा — एका दिवसाचा लाभ खरा, की बारा महिन्यांचा? बारा महिन्यांचा म्हणता? सगळेच म्हणतात! पुढच्या रांगेतले काका तर इतक्या जोरात म्हणाले, की मला शंकाच आली!

ऐका तर. एका बंदरावर बुधाजी तांडेल नावाचा गडी. पुरुषभर लाटेत होडी घालायचा. आणि बुडाला कुठे? बाजारात! मुंजेशेठच्या व्हिडिओ गेमच्या दुकानात! तिथे पोकरचा डबा. पैसे टाका, काचेवर पाच पानं येतात. हवी ती ठेवा, नको ती बदला. जोडी जमली, थोडं परत. एकाच चिन्हाची दश्शी, गुलाम, राणी, राजा, एक्का — पाची जमली, की घबाड!

बुधाजीला पहिल्याच आठवड्यात पाची जमली. घात झाला! मंडळी, पहिल्याच दिवशी ज्याला देव हरवतो ना, त्याच्यावर त्याची कृपा समजा!

पुढे सहा महिने काही जमेना. नव्या जाळ्याचे पैसे गेले. बुधाजी म्हणाला, "डबा तुंबलाय. आता फुटणारच! होडी शेठला विकतो आणि बसतो डब्यापुढे!"

मूर्तीवर फुलाच्या पाकळ्या चिकटवून देवीला कौल लावला. पाकळी पडली डावी — म्हणजे नाही. पुन्हा लावला. डावी! तिसऱ्यांदा उजवी. "बघ मथुरे, देवी हो म्हणाली!"

त्याची बायको मथुरा कमरेवर हात ठेवून उभी. "पडेपर्यंत लावलात तर उजवी पडणारच! देवीला दुसरी कामं नाहीत?"

"अगं, शेठ स्वतः सांगतो — शंभरातले सत्त्याण्णव परत येतात. तीनच तर जातात!"

"आणि ते सत्त्याण्णव घरी आणता?"

"नाही... परत टाकतो."

"मग त्यातलेही जातात. उरलेले परत टाकता, त्यातलेही जातात! आणि ते तुमचं घबाड त्या सत्त्याण्णवातच धरलंय ना? किती डावांत येतं ते?"

"चाळीस हजारांत एकदा... साधारण."

"म्हणजे इतर दिवशी सत्त्याण्णवही नाहीत!"

बुधाजी चिडला. "समुद्र तरी रोज देतो का? आठ-आठ दिवस जाळं रिकामं येतं!"

मथुरेनं पदर खोचला. मग म्हणाली, "चला. मीपण येते."

दुकानात गेली आणि थेट म्हणाली, "शेठ, पैसे नकोत. होडी घ्या, डबा द्या!"

शेठचा चहा नाकात गेला! "डबा? छे छे, वहिनी!"

"का हो? तुंबलाय ना? उद्या फुटला तर तोटा तुमचाच!"

"डब्याला कालचं काही आठवत नाही, वहिनी. फुटेल तेव्हा फुटो. वर्षाअखेर तो मलाच पोसतो."

बुधाजीनं कान टवकारले. तेवढ्यात — टणटणटण! घंटा वाजली! एका रिक्षावाल्याला पाची पानं जमली होती! तो डब्यापुढे नाचतोय, लोक टाळ्या पिटतायत. बुधाजीचे पाय तिकडे वळले. होडी गेलीच म्हणा, मंडळी!

पण शेठ काय करत होता? पेढे वाटत होता! "घ्या, घ्या! सगळ्या बाजाराला सांगा!"

हातात पेढा धरून बुधाजी थबकला. "मथुरे... ज्याचं गेलं तो पेढे वाटतो?"

"तुम्ही कधी वाटता?"

"जाळं भरून आलं की."

तो नाचणाऱ्या रिक्षावाल्याकडे बघत राहिला. मग हळूच म्हणाला, "शेठचंही जाळं आज भरलंय. मासा तर तिथे नाचतोय! चल, भरती गाठू."

होडी राहिली! मंडळी, वरखाली दोन्हीकडे आहे. पण समुद्र आठ दिवस उपाशी ठेवून वर्ष काढून देतो. डबा एक दिवस जेवू घालून वर्ष खातो. लाट बघू नका, पाणी कुठे वाहतंय ते बघा!

आता तुमचं. खिशातल्या फोनवर काय खेळता, विचारत नाही. पण जिंकलेला डाव गावभर सांगता, हरलेले बायकोला तरी सांगता का? काका, मान वर करा!

असो, दक्षिणेचं तबक फिरतंय. यात टाकलेल्यातलं काहीही परत येत नाही, हे आधीच सांगतो. एवढं खरं बोलणारा डबा बाजारात दाखवा!