सगुणाबाईंचे हात पोचले

सांगा मंडळी, आपल्या घरात सगळं सुरळीत चाललेलं असताना शेजारच्या अडचणीसाठी जागचं हलायचं का? वा! माना तर सगळ्यांनीच डोलावल्या! मग ऐका —

फलटणच्या एका गल्लीत सगुणाबाई लोणकर राहायच्या. जन्मापासून ऐकू येत नाही, बोलता येत नाही. लेक मंगल सुरतेला दिलेली. दोघींचं बोलणं हातांनी — फोनच्या पडद्यावर! मंगलचं पहिलं बाळंतपण, उद्या सकाळी ऑपरेशन, आणि नेमकं आजच हे फोनवरचं बोलणं बिघडलं! आईला लेक स्वच्छ दिसते. लेकीला आईचे हात दिसतच नाहीत — नुसते चौकोन!

केबलवाला नागनाथ घोडके त्याच गल्लीतला. धावत आला, तपासलं. आता नवल बघा — चाळीस घरांना केबल एकच, टीव्ही अन् फोनचं इंटरनेट दोन्ही तिच्यातूनच! येणारं त्याच वाटेनं, जाणारंही त्याच वाटेनं. पापणी लवायच्या आत यंत्र प्रत्येकाला पाळी देतं — तू बोल, आता तू! ढकलाढकली नाही. आपल्या पंगतीत जमतं का हो हे? पण एका घरात जरी वायरीचं तोंड उघडं राहिलं, की तिथून खरखर शिरते अन् चाळीसही घरांचं जाणारं बुडवते!

नागनाथ दारोदार फिरला. "काका, पाच मिनिटं वायर काढू?"

"अरे, मॅच झकास दिसतीय! कशाला हात लावतोस?"

"तुम्हाला येतंय, काका. पण सगुणामावशींचं जात नाहीये."

काका स्वतः उठले, टीव्ही बंद केला.

एकोणचाळीस घरं झाली. दोष सापडेना! उरलं कुठलं? नागनाथचं स्वतःचं! आपलं घर शेवटी — तोही माणूसच, मंडळी! गेल्या महिन्यात टीव्ही आतल्या खोलीत नेला, जुनी वायर भिंतीशी तशीच लोंबत सोडलेली. ती काढली — खरखर थांबली!

कुणी पाहिलं नव्हतं हो! गुपचूप बसला असता, तर कोण विचारणार होतं? पण हा गल्लीच्या मधोमध उभा राहिला. "खोट माझ्याच घरात होती. माफ करा मला."

तिकडे सगुणाबाईंचे हात हलले — "घाबरू नकोस. तुझ्या वेळी मीही घाबरले होते." मंगल रडली, हसली, हातांनी म्हणाली, "दिसलं, आई!" दुसऱ्या दिवशी मुलगी झाली. दोघी सुखरूप!

मंडळी, एकोणचाळीस दारं आपणही ठोठावतो. दोष शोधायला आपण फार हुशार! चाळिसाव्या दाराची किल्ली मात्र आपल्याच खिशात असते. आत्ता उठाल, घरी जाल — ती बाहेर काढाल ना?