टोपीवरचा आरसा

(राळेगावचा एसटी स्टँड. तांड्यातलं बंजारा जोडपं, नेमसिंग आणि बिजलीबाई. मध्ये त्यांचा तरुण मुलगा बबलू, आईला ‘याडी’ म्हणणारा; मांडीवर टोपी.)

नेमसिंग : पन धुतली काहून?

बिजलीबाई : मळली होती. दवाखान्यात मळकी टोपी घालून पाठवू पोराले?

नेमसिंग : मळ नव्हता तो. डागदरनं शाईची फुली मारलती. बबल्याच्या मेंदूचा फोटो काढून, नेमकी जागा पाहून. तिथंच चुंबक ठेवतेत, ते टकटक करते, अन् कानात दिवसभर शिव्या देनारा तो मानूस जरा दमाने घेते.

बिजलीबाई : मले कोनं सांगितलं?

नेमसिंग : सांगत होता तवा तू नर्सच्या बांगड्या पाहून राह्यलती. स्किझोफ्रेनिया असला तरी प्रत्येकाची जागा येगळी, म्हने. म्या म्हनलं, समजलं साहेब. आमी अख्खं वावर फवारलं तरी बोंडअळी मजेत हाये. तुमी अळीच्याच बोंडावर मारता. खुश झाला तो.

बिजलीबाई : फुली गेली म्हनून त तिथं आरसा टाकला.

नेमसिंग : भोवती लाल-पिवळा दोरा बी टाकला. टोपी हाये का तुयी चोळी?

बिजलीबाई : तांड्यात जो तो इचारे, फुली कायची? आरशाले कोनी इचारत नाही.

नेमसिंग : अन् आरसा फुलीच्याच जागी हाये?

बिजलीबाई : अंदाजानं.

नेमसिंग : अंदाजानं त भगतानं बी लिंबू फिरवलता. आता दवाखान्यात फोन केला मी. जागा नव्यानं शोधा लागते म्हने. उशीर झाला त आजची पाळी दुसऱ्याले, अन् मधात खंड पडला त समदं पहिल्यापासून.

बिजलीबाई : मंग इथं काहून वरडता? चला नं.

नेमसिंग : तुयी टोपी घालून पायी जाऊ का नागपूरले? बस येऊ दे.

बिजलीबाई : आरसा उसवते मी.

नेमसिंग : उसव. खाली फुली उगवली असन.

बिजलीबाई : पोरासाठीच केलं नं म्या.

नेमसिंग : मी काय शेजाऱ्यासाठी फिरून राह्यलो?

बबलू : बापू.

नेमसिंग : तू थांब रे.

बबलू : मघापासून तुमी दोघंच बोलून राह्यले.

नेमसिंग : मंग? तिसरा कोन पाह्यजे?

बबलू : तोच त, कानातला. तो नाही बोलला.

बिजलीबाई : काय म्हनतं, बाळा?

बबलू : एकदा बी नाही. याडी, गप काहून झाली? भांडा नं.