मनगटावरची पट्टी

बाळाच्या पायाचा एक्स-रे हातात मिळायचा होता आणि माझं लक्ष सारखं एक्स-रेच्या खोलीच्या दाराकडे. शेजारी हाताला प्लास्टर घातलेल्या एक म्हाताऱ्या बाई आणि त्यांची मुलगी बसल्या होत्या.

"आई, तुझा हात मोडून पर्स पळवली त्या चोरानं. आणि तू ओळखपरेडीत गप्प?"

"गप्प कुठे? सांगता येत नाही, असं स्पष्ट म्हटलं."

"सहाच तर उभे होते!"

"सहाही दुसऱ्या मुलखातले. आपल्यातला असता तर गर्दीतही ओळखला असता. त्यांचे चेहरे मला सारखेच दिसतात, हा दोष माझ्या डोळ्यांचा."

"पोलीससाहेब म्हणाले, तिसऱ्यावर बोट ठेवणारच होतीस."

"होतेच! रांगेत त्यातल्या त्यात तोच जुळता वाटला. मग म्हटलं, साहेब, एकेकाला आत पाठवा. एकटा समोर आला, तर तोही अनोळखी."

"वैतागले असतील."

"वैतागू देत. म्हणे, सिस्टर, तीस वर्षं बाळंतपणं केलीत, एक चेहरा लक्षात राहत नाही? म्हटलं, चेहऱ्यांवर विसंबले असते तर निम्मी बाळं बदलली असती. नाळ कापायच्या आधी मनगटावर आईच्या नावाची पट्टी बांधायचे मी."

"आणि चोर सुटला तर?"

"सुटू दे. माझ्या हातून कुणाचं लेकरू आजवर चुकीच्या जागी गेलेलं नाही."

आतून नंबर पुकारला.

"आमच्या आईचा!" मुलगी मान ताठ करून एवढ्या मोठ्यानं म्हणाली की माझं बाळ दचकलं.